विश्लेषण : अमेरिकी अध्यक्षपदाच्या प्रचाराचा पैसा मोजक्याच राज्यांत का ओतला जातो?

न्यू जर्सीतील एडिसन आणि पेनसिल्व्हेनियातील फिलाडेल्फिया. दोन्ही ठिकाणी भारतीयांची, त्यात मराठी कुटुंबांचीही, मोठी वस्ती. मोटारीने निघाले तर अंतर दीड तासाच्या आतले. पण २०२४च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या दोन गावांतल्या टीव्हीवर दोन वेगवेगळ्या निवडणुका सुरू असाव्यात, असे वाटत होते. फिलाडेल्फियात बातम्या, फुटबॉल किंवा प्रश्नमंजूषा, काहीही लावा. ब्रेक आला की कमला हॅरिस किंवा डोनाल्ड ट्रम्प यांची जाहिरात ठरलेली. न्यूयॉर्कच्या वाहिन्या पाहणाऱ्या एडिसनमध्ये मात्र अध्यक्षपदाची जाहिरात अधूनमधून, तीही देशभर दाखवण्यासाठी घेतलेल्या वेळेतली.

मतदार दोन्हीकडे अमेरिकीच. अध्यक्षही एकच निवडायचा. मग एका मताची इतकी मनधरणी आणि दुसऱ्याकडे पाठ, असे का? याचे उत्तर अमेरिकेच्या निवडणूक पद्धतीत आहे आणि जाहिरातींच्या हिशेबात ते सर्वात स्पष्ट दिसते.

एकूण खर्च किती?

अमेरिकेत राजकीय जाहिरातींची नोंद ठेवणाऱ्या ‘अ‍ॅडइम्पॅक्ट’ या कंपनीने २०२३-२४च्या निवडणूक चक्रात सर्व मिळून सुमारे १०.२ अब्ज डॉलर खर्च होतील, असा अंदाज आधीच बांधला होता. त्या वेळच्या दराने ही रक्कम ८५ हजार कोटी रुपयांच्या घरात जाते. २०१९-२०च्या चक्रात हा आकडा सुमारे ९ अब्ज डॉलर होता. यात अध्यक्षपदासोबत सिनेट, प्रतिनिधिगृह, गव्हर्नर आणि स्थानिक निवडणुकांच्या जाहिरातीही येतात.

अध्यक्षपदापुरते बोलायचे तर काही घोषणांवरून आवाका कळतो. हॅरिस यांच्या प्रचार यंत्रणेने ऑगस्ट २०२४मध्ये शेवटच्या दोन महिन्यांसाठी ३७ कोटी डॉलरच्या जाहिरातींचे आगाऊ आरक्षण जाहीर केले. त्यातले १७ कोटी टीव्हीसाठी होते आणि २० कोटी डिजिटल माध्यमांसाठी. त्याआधी जानेवारीत ‘फ्यूचर फॉरवर्ड’ या डेमोक्रॅट समर्थक गटाने २५ कोटी डॉलरचे आरक्षण जाहीर केले होते. यातला मोठा हिस्सा सात राज्यांसाठी राखलेला होता.

ही सात राज्ये कोणती आणि तीच का?

पेनसिल्व्हेनिया (१९), जॉर्जिया (१६), नॉर्थ कॅरोलायना (१६), मिशिगन (१५), अ‍ॅरिझोना (११), विस्कॉन्सिन (१०) आणि नेवाडा (६). कंसातले आकडे त्या राज्याच्या ‘इलेक्टोरल’ मतांचे आहेत.

अमेरिकेचा अध्यक्ष देशभरच्या एकूण मतांवर थेट निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक इलेक्टोरल मते असतात. एकूण मते ५३८. जिंकायला हवीत २७०. दोन अपवाद सोडले तर राज्यात ज्याला एक मत जरी जास्त पडले, त्याच्या पदरात त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मते पडतात.

इथेच जाहिरातीचे गणित बदलते. कॅलिफोर्नियाकडे ५४ मते आहेत, देशात सर्वाधिक. पण तिथे डेमोक्रॅटिक पक्ष जिंकणार, हे सर्वांना ठाऊक असते. त्यामुळे तिथे आणखी दहा लाख मते मिळवली तरी हॅरिस यांच्या खात्यात ५४च जमा होणार आणि ट्रम्प यांनी तेवढीच वाढवली तरी त्यांच्या खात्यात शून्यच राहणार. २०२०मध्ये ट्रम्प यांना सर्वाधिक मते देणारे राज्य टेक्सास किंवा फ्लोरिडा नव्हते. ते कॅलिफोर्निया होते. तिथल्या ६० लाखांहून अधिक लोकांनी त्यांना मत दिले. इलेक्टोरल मत एकही मिळाले नाही.

याउलट वरच्या सात राज्यांत निकाल कुठेही झुकू शकत होता. त्यांची बेरीज ९३. म्हणजे पैसा लोकसंख्येच्या मागे जात नाही. निकालाची खात्री जिथे नाही, तिथे जातो.

ही यादी कायमची आहे का?

नाही. २००४मध्ये ओहायोवर निवडणूक अडली होती. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ते राज्य सुमारे १ लाख १८ हजार मतांनी राखले. २००० साली फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी अध्यक्ष ठरला. २०१२पर्यंत ओहायो, फ्लोरिडा आणि व्हर्जिनिया ही प्रचाराची मुख्य रणांगणे होती. आज ओहायो आणि फ्लोरिडा रिपब्लिकन पक्षाकडे, तर व्हर्जिनिया डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेले मानले जाते. परिणामी २०२४मध्ये अध्यक्षपदाच्या जाहिरातींनी या राज्यांकडे जवळपास पाठ फिरवली. राज्य तेच, माणसेही तीच. फक्त निकाल अंदाज करण्याजोगा झाला.

किती मतांसाठी हा सारा आटापिटा?

गेल्या तीन निवडणुकांचे आकडे पाहिले की दोन्ही पक्ष एवढा पैसा का लावतात, ते लक्षात येते.

• २०१६ : ट्रम्प यांनी मिशिगन (१०,७०४), विस्कॉन्सिन (२२,७४८) आणि पेनसिल्व्हेनिया (४४,२९२) ही राज्ये जिंकली. तिन्ही आघाड्यांची बेरीज ७७,७४४. देशभरात हिलरी क्लिंटन यांना सुमारे २८ लाख मते जास्त होती, तरी त्या हरल्या.

• २०२० : जो बायडेन यांची अ‍ॅरिझोनातली आघाडी १०,४५७, जॉर्जियातली ११,७७९ आणि विस्कॉन्सिनमधली २०,६८२. बेरीज ४३ हजारांच्या आत. ही तीन राज्ये उलटली असती तर इलेक्टोरल मतांची २६९-२६९ अशी बरोबरी झाली असती.

• २०२४ : ट्रम्प यांनी सातही राज्ये जिंकून ३१२ विरुद्ध २२६ असा विजय मिळवला. आकडा मोठा दिसतो. पण पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांत मिळून त्यांची आघाडी सुमारे २ लाख ३० हजारांची होती. या तिघांची इलेक्टोरल मते ४४. ती हॅरिस यांच्याकडे गेली असती तर २२६ अधिक ४४, म्हणजे बरोबर २७०!

देशभरात १५ कोटींहून अधिक लोकांनी मतदान केले. त्यातल्या सव्वा लाखाहूनही कमी लोकांनी, तीन राज्यांत योग्य त्या प्रमाणात, दुसऱ्या बाजूचे बटण दाबले असते तर निकाल फिरला असता. हे सव्वा लाख लोक नेमके कोण, हे कुणालाच ठाऊक नसते. म्हणून त्या राज्यांतल्या सगळ्यांवरच जाहिरातींचा मारा होतो.

राज्याची हद्द आणि टीव्हीची हद्द वेगळी कशी?

जाहिरात राज्यानुसार विकत घेता येत नाही. ती टीव्हीच्या बाजारपेठेनुसार घ्यावी लागते. नील्सन कंपनीने अमेरिकेची अशा २१० बाजारपेठांत विभागणी केली आहे. एका शहरातल्या वाहिन्या जितक्या भागात पाहिल्या जातात, ती एक बाजारपेठ. तिच्या रेषा राज्यांच्या सीमा जुमानत नाहीत.

फिलाडेल्फियाच्या बाजारपेठेत दक्षिण न्यू जर्सी आणि डेलावेअरचा भागही येतो. त्यामुळे पेनसिल्व्हेनियासाठी दिलेली जाहिरात तिथल्या लोकांनाही पाहावी लागते. त्यांच्या मताने निकालात फरक पडणार नसतो, पण वाहिनीला द्यायच्या दरात त्यांचीही मोजदाद असते. न्यू हॅम्पशायर या छोट्या राज्याचा मोठा भाग बॉस्टनच्या बाजारपेठेत आहे. तिथल्या मतदारांना गाठायचे तर मॅसॅच्युसेट्समधल्या लाखो प्रेक्षकांचे पैसे मोजावे लागतात.

सर्वात मासलेवाईक उदाहरण नेब्रास्कातल्या ओमाहाचे. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये वर सांगितलेला अपवाद. तिथे काही इलेक्टोरल मते मतदारसंघानुसार वाटली जातात. नेब्रास्का रिपब्लिकन असले तरी ओमाहाचा मतदारसंघ अधांतरी असतो. एका मतासाठी तिथे कोट्यवधी डॉलर का खर्च झाले? वरची बेरीज पुन्हा पाहा. हॅरिस यांच्या २२६ मतांत ओमाहाचे एक मत होते. ते नसते तर तीन मोठी राज्ये जिंकूनही त्या २६९वर अडकल्या असत्या. ओमाहाच्या वाहिन्या शेजारच्या आयोवातही दिसतात, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकांनाही हा प्रचार फुकटात पाहायला मिळाला.

एकाच तीस सेकंदांचे दोन दर का?

अमेरिकेच्या संघीय दळणवळण कायद्यानुसार मतदानाच्या आधीच्या ६० दिवसांत (पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीआधी ४५ दिवसांत) वाहिनीने उमेदवाराला त्या वेळेचा सर्वात कमी दर लावावा लागतो. २०२४मध्ये ही सवलत ६ सप्टेंबरपासून लागू झाली. केंद्रीय पदाच्या उमेदवाराला वाहिनी वेळ नाकारू शकत नाही आणि त्याच्या जाहिरातीतल्या मजकुराला कात्रीही लावू शकत नाही. एका उमेदवाराला वेळ दिली की प्रतिस्पर्ध्याला तेवढीच संधी देणे बंधनकारक असते.

ही सवलत फक्त उमेदवाराच्या स्वतःच्या समितीला आहे. बाहेरून पाठिंबा देणाऱ्या गटांना, म्हणजे सुपर पॅकना, ती नाही. त्यांच्याकडून वाहिनी बाजारभाव घेते आणि स्विंग स्टेटमध्ये ऑक्टोबरच्या अखेरीस तो कित्येक पट होतो. त्यामुळे दोन बाजूंनी सारखेच डॉलर खर्च केले, तरी पडद्यावर सारख्याच जाहिराती दिसतील असे नाही. खर्चाचे आकडे वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. उमेदवाराच्या खात्यातला एक डॉलर सुपर पॅकच्या एका डॉलरपेक्षा टीव्हीवर जास्त वेळ विकत घेतो.

यात स्थानिक वाहिन्यांची चांदी होते. निवडणुकीच्या सम वर्षात कमाई आणि विषम वर्षात घट, असा त्यांच्या ताळेबंदाचा ठरलेला आलेख असतो. मात्र कोणी, कधी आणि किती पैसे देऊन वेळ घेतली याची कागदपत्रे वाहिन्यांना सार्वजनिक ठेवावी लागतात. सर्व टीव्ही केंद्रांसाठी ही माहिती २०१४पासून ऑनलाइन उपलब्ध आहे.

खर्चाला मर्यादा नाही का?

देणगीला आहे, खर्चाला नाही. २०२४मध्ये एका व्यक्तीला एका उमेदवाराच्या समितीला एका निवडणुकीसाठी जास्तीत जास्त ३,३०० डॉलर देता येत होते. पण १९७६च्या ‘बकली विरुद्ध व्हॅलिओ’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराच्या एकूण खर्चावरची सक्तीची मर्यादा रद्द केली. प्रचारावर खर्च करणे हा अभिव्यक्तीचाच भाग आहे, असा त्यामागचा युक्तिवाद. पुढे २०१०च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालाने कंपन्या आणि संघटनांना स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करण्याची मुभा दिली. त्याच वर्षीच्या आणखी एका निकालानंतर अमर्याद देणग्या घेणाऱ्या सुपर पॅकचा जन्म झाला. उमेदवाराशी संगनमत न करता खर्च करावा, ही त्यांच्यावरची अट. २०२४मध्ये इलॉन मस्क यांनी ट्रम्प आणि रिपब्लिकन उमेदवारांसाठी २५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली, ती मुख्यतः याच वाटेने.

एके काळी राज्यवार मर्यादाही होती. प्राथमिक निवडणुकीत सरकारी अनुदान घेणाऱ्या उमेदवाराला प्रत्येक राज्यात किती खर्च करायचा, याचे बंधन असे. मुख्य निवडणुकीतही सरकारी निधी घेतला की त्यापलीकडे खर्च करता येत नसे. २००८मध्ये जॉन मॅकेन यांनी असे ८.४१ कोटी डॉलर घेतले. बराक ओबामा यांनी ते नाकारले आणि देणग्यांतून त्याच्या कित्येक पट पैसा उभा केला. २०१२पासून दोन्ही प्रमुख पक्षांच्या एकाही अध्यक्षीय उमेदवाराने मुख्य निवडणुकीत हा निधी घेतलेला नाही. मर्यादा कागदावर आहे. ती स्वीकारणारा उमेदवार उरलेला नाही.

एवढ्या जाहिरातींनी मते फिरतात का?

थोडी फिरतात. पण अपेक्षेपेक्षा फारच थोडी.

‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात २०२०मध्ये तीन राज्यशास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१६च्या निवडणुकीतल्या ४९ जाहिराती सुमारे ३४ हजार लोकांना ५९ प्रयोगांतून दाखवण्यात आल्या. एका जाहिरातीमुळे मत देण्याच्या इराद्यात सरासरी पडलेला फरक एका टक्क्याहून कमी, ०.७ टक्के इतका होता. जाहिरात सकारात्मक असो की टीकेची, दाखवणारा उमेदवार असो की बाहेरचा गट. परिणाम लहानच राहिला.

टेक्सासमध्ये २००६च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत आणखी धाडसी प्रयोग झाला. रिक पेरी यांच्या प्रचार यंत्रणेने संशोधकांना आपल्या खऱ्या जाहिराती कोणत्या भागात कधी दाखवायच्या, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवू दिले. जाहिरात लागताच पेरी यांचा पाठिंबा वाढला. पण आठवडा उलटेपर्यंत तो परिणाम जवळपास विरून गेला.

टीव्हीच्या बाजारपेठांच्या वेड्यावाकड्या सीमांचाही अभ्यासकांना उपयोग झाला. एकमेकांना लागून असलेली दोन गावे, पण एकाला जाहिराती भरपूर दिसतात आणि दुसऱ्याला कमी. त्यांची तुलना करणाऱ्या २०१८च्या एका अभ्यासात असे आढळले की जाहिरातींनी एकूण मतदान वाढत नाही. ज्याच्या जाहिराती जास्त, त्याचा मतांचा वाटा मात्र थोडा वाढतो.

म्हणजे फरक पडतो तो ‘किती दाखवले’ याने नाही, तर ‘समोरच्यापेक्षा किती जास्त दाखवले’ याने. दोघांनीही सारखाच मारा केला की परिणाम एकमेकांना छेदून जातो.

पैशापुढे मतदार झुकला नाही, अशी उदाहरणे आहेत का?

भरपूर. मायकल ब्लूमबर्ग यांनी २०२०मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळवण्यासाठी स्वतःच्या खिशातून सुमारे १ अब्ज डॉलर घातले. त्यातला निम्म्याहून अधिक पैसा जाहिरातींवर गेला. हाती लागला तो फक्त अमेरिकन समोआ या बेटांवरचा विजय. त्याच वर्षी त्यांनी बायडेन यांच्यासाठी फ्लोरिडात किमान १० कोटी डॉलर खर्चण्याची घोषणा केली. बायडेन तिथे सुमारे ३ लाख ७२ हजार मतांनी हरले.

२०१६मध्ये क्लिंटन यांच्या टीव्ही जाहिराती ट्रम्प यांच्यापेक्षा कितीतरी जास्त होत्या. पण मिशिगन आणि विस्कॉन्सिनकडे त्यांचा पैसा वळला तो थेट शेवटच्या आठवड्यात. २०२४मध्ये हॅरिस आणि त्यांच्या पक्षाने मिळून तीन महिन्यांच्या आत १ अब्ज डॉलरहून अधिक निधी जमवला. उमेदवाराच्या समितीचा विचार केला तर त्या ट्रम्प यांच्या बऱ्याच पुढे होत्या. तरीही सातही राज्ये हातची गेली.

यावरून पैसा निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. समोरचा मारा करत असताना आपण गप्प बसलो तर काय होईल, ही भीती दोन्ही बाजूंना असते. काही हजारांच्या फरकाने अध्यक्षपद जाते, हे दिसत असताना शस्त्रे आधी खाली ठेवायला कोणी तयार होत नाही.

मोबाइलवरच्या जाहिरातींनी चित्र बदलले का?

पत्ता अचूक झाला, नकाशा तोच राहिला. टीव्हीवर बॉस्टनच्या प्रेक्षकांचे पैसे वाया जातात. मोबाइलवर जाहिरात थेट एका भागापुरती दाखवता येते. गूगलने २०१९मध्ये निवडणूक जाहिरातींसाठी निवडीचे निकष वय, लिंग आणि पिनकोडसारख्या टपाल क्रमांकापुरते मर्यादित केले. पण स्विंग स्टेट गाठायला टपाल क्रमांकही पुरतो. गूगल आणि मेटा यांनी २०१८पासून राजकीय जाहिरातींची सार्वजनिक नोंदवही ठेवली आहे. कोणत्या राज्यात किती खर्च झाला, हे तिथे कुणालाही पाहता येते.

उरलेल्या राज्यांचे नुकसान काय?

जाहिराती दिसल्या नाहीत तर बरेच, असे कुणालाही वाटेल. पण जाहिरात जिथे जाते, तिथेच उमेदवारही जातो. २०१६मध्ये मुख्य निवडणुकीच्या काळातल्या ३९९ प्रचारसभांपैकी ३७५ फक्त १२ राज्यांत झाल्या. ज्या मतदाराशी बोलायची गरज नाही, त्याच्या प्रश्नावर आश्वासन द्यायचीही गरज उरत नाही. पेनसिल्व्हेनियातला नैसर्गिक वायू काढण्याचा फ्रॅकिंग उद्योग राष्ट्रीय प्रचाराचा मुद्दा होतो. नेवाडातल्या हॉटेल कामगारांमुळे ‘टिपवर कर नको’ हे आश्वासन दोन्ही उमेदवार देतात. सुरक्षित राज्यांतल्या प्रश्नांच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच येते.

यावर उपाय म्हणून काही राज्यांनी आपसात करार केला आहे. देशभरात ज्याला जास्त मते मिळतील, त्यालाच आपली इलेक्टोरल मते द्यायची, असा तो करार. बेरीज २७० झाली की तो लागू होईल. २०२४मध्ये मेन राज्य सामील झाल्यावर ही बेरीज २०९पर्यंत पोहोचली. स्विंग स्टेट्सना साहजिकच घाई नाही. आपले महत्त्व आपणच कोण कमी करून घेईल?

भारतातली स्थिती वेगळी कशी?

आपल्याकडे उमेदवाराच्या खर्चाला कमाल मर्यादा आहे. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात लोकसभेसाठी ती २०२२पासून ९५ लाख रुपये आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये आहे. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादा नाही. टीव्हीवरची राजकीय जाहिरात आधी समितीकडून प्रमाणित करून घ्यावी लागते आणि मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत टीव्हीवर प्रचार बंद ठेवावा लागतो. अमेरिकेत उमेदवाराच्या जाहिरातीला अशी पूर्वपरवानगी लागत नाही. मतदानाच्या दिवशीही ती दाखवता येते.

दुसरा फरक रचनेचा. महाराष्ट्रातल्या लोकसभेच्या ४८ जागा एकगठ्ठा कुणाच्या पदरात पडत नाहीत. प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र. त्यामुळे चुरशीच्या जागांवर जोर लावला जातो, पण अख्खे राज्य सोडून देणे पक्षांना परवडत नाही.

अमेरिकेत ते परवडते. २०२८च्या निवडणुकीतही एडिसन आणि फिलाडेल्फियाच्या टीव्हीवर काय दिसते, याची तुलना करून पाहता येईल. कोणाचे मत मोलाचे मानले जाते, हे त्या ब्रेकमध्ये कळेल.